जर्मनीतले पहिले दोन महिने हिशेबात धरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकणातून जर्मनीला शिकायला जाणाऱ्या मुलामुलींची कर्जप्रकरणे मी बँकेच्या नोकरीत हाताळली आहेत आणि निवृत्तीनंतरही ओळखीचे पालक कागद घेऊन घरी येतात. त्यांच्या हिशेबात व्हिसा, तिकीट, प्रवेशाचा खर्च हे सारे नीट मांडलेले असते; राहणीखर्चापुढे मात्र एकच आकडा असतो, 11,904 युरो.

हा आकडा म्हणजे व्हिसासाठी घातलेली वर्षाच्या खर्चाची किमान अट आहे. ही रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे एकदम काढता न येणाऱ्या खात्यात, आधीच भरावी लागते आणि तिथे पोचल्यावर तीतून दरमहा 992 युरोच मिळतात, तेही खाते तिथे गेल्यावर रीतसर सुरू करून घेतल्यानंतर. नेमके इथेच घोडे पेंड खाते. खोली ठरली की घरमालक अनामत मागतो आणि ती तिथल्या कायद्याप्रमाणे मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकते. मूळ भाडे 400 युरो धरले तरी अनामत 1,200 युरो होते, म्हणजे खात्यात वर्षाची रक्कम पडून असतानाही त्या महिन्यात हाती येणाऱ्या पैशापेक्षा जास्त. ही अनामत तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क त्याच कायद्याने भाडेकरूला दिला आहे, हे फार थोड्या मुलांना ठाऊक असते.

तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याचा सार्वजनिक आरोग्य विमा महिन्याला 140 युरोंच्या घरात जातो. रेडिओ-टीव्हीची 18.36 युरोंची मासिक वर्गणी सक्तीची असली तरी ती घरामागे एकच असते, तेव्हा एकत्र राहणाऱ्यांनी ती वाटून घ्यावी. सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही हे बहुतांशी खरे. पण श्टुटगार्ट, हायडेलबर्ग, कार्ल्सरूह ही शहरे ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहेत, तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला सहामाहीला 1,500 युरो भरावे लागतात.

त्यात रुपयाची घसरण. 2025 च्या सुरुवातीला नव्वद रुपयांच्या आसपास असलेला युरो त्याच वर्षी शंभरावर गेला. दहा रुपयांच्या फरकाने वर्षाच्या रकमेत सुमारे एक लाख एकोणीस हजारांची भर पडते. पगारदार हा फटका कसाबसा सोसतो. बागायतदाराच्या घरी पैसा येतो तो आंब्याच्या हंगामात, आणि मुलाची निकड सुरू होते ऑक्टोबरात. अडीअडचणीला कामी येईल असे तारणही आमच्याकडे थोडे. कलमांची बाग लाखमोलाची असली तरी थकलेल्या कर्जाचे तारण बँकेला थेट ताब्यात घेऊन विकू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, त्यामुळे शैक्षणिक कर्जासाठी बँका ती सहसा स्वीकारत नाहीत. शिवाय सामाईक सातबाऱ्यावर मुंबईतल्या चुलत भावंडांपर्यंत सगळ्यांची नावे. मग उरते घरातले सोने, आणि ते घाईघाईने गहाण पडते.

‘तिथे काम करून भागवेल’ ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे खरी, पण जर्मन न येणाऱ्या मुलाला पहिल्याच महिन्यात काम मिळेल असे धरून चालता येत नाही. मुले पोटाला चिमटा घेतात आणि फोनवर आईला ‘सगळे ठीक आहे’ म्हणून सांगतात.

म्हणून बँकांनी कर्ज मंजूर करतानाच अनामत, विमा आणि पहिल्या दोन महिन्यांचा खर्च वेगळ्या रकान्यात मागावा आणि ती रक्कम विद्यार्थी निघण्यापूर्वी द्यावी. प्रवेशासाठी पैसे घेणाऱ्या सल्लागारांनी त्या त्या शहरातल्या भाड्याचा अंदाज लेखी द्यावा. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, वाशीच्या बाजारातून आंब्याची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, आले की त्यातून निदान दोन हजार युरोंएवढी रक्कम बाजूला काढून मुलाच्या फॉरेक्स कार्डावर (परकी चलन आधीच भरून ठेवायच्या कार्डावर) ठेवावी आणि ती ब्लॉक्ड अकाउंटच्या रकमेत धरू नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी, चिपळूण