मावळ्याच्या डोळ्यांशी

काका, सप्रेम नमस्कार.

नरकचतुर्दशीच्या सकाळी तुम्ही खाली उतरलात, म्हणून आमच्या पोरांच्या किल्ल्याचा फोटो झाला. घरी येऊन आभार मानलेच असते, पण दिवाळीत किल्ले घरोघरी होतात आणि त्यांचे फोटो माझ्यासारखेच अनेकांचे फसतात, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

पोरांनी चार दिवस खपून राजगड केला होता. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी, सुवेळा माचीचं नेढं म्हणजे खडकातलं आरपार भोक, सगळं जागच्या जागी. उतारावर अळीव तरारून आले होते. मी उभ्या उभ्या वीसेक फोटो काढले आणि प्रत्येकात दिसला मातीचा ढीग, मागे पार्किंगमधल्या स्कूटर. लेक अगदी हिरमुसली.

तुम्ही पोतं पसरलंत आणि सरळ पालथे झालात. लेन्स जमिनीलगत यावी म्हणून मोबाइल उलटा धरलात. "मावळ्याला जिथून दिसतं, तिथून बघ." तीन इंचांचा मावळा त्या क्षणी खरा माणूस झाला! कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आला, की क्षितिजही तिथेच येतं आणि त्याच्याच पातळीवरचे, त्याच्याएवढे सगळे मावळे, जवळचे असोत की लांबचे, त्याच रेषेत डोळे ठेवून उभे राहतात. स्कूटर तटाआड गेल्या. मागे उरलं नुसतं आकाश.

मग तुम्ही पोर्ट्रेट मोड बंद केलात. मला ते पटलं नव्हतं, मागचं धूसर झालेलं मला आवडायचं. पण इतकं धूसर फक्त अगदी जवळून पाहिलेल्या लहान वस्तूच्या मागे दिसतं, हे आपल्या डोळ्यांना ठाऊक असतं. डोंगर स्पष्ट झाला तसा तो मोठाही झाला.

कुंभारवाड्यातून आणलेले मावळे लहानमोठे निघाले, म्हणून पोरं भांडत होती. तुम्ही मोठे पुढे उभे केलेत, बोटभर उंचीचे पार माचीच्या टोकाला. दीड हाताची माची कोसभर लांब वाटू लागली, आणि तटाच्या वळणावरून नजर आपसूक तिथवर जाऊ लागली.

बुरुजावरचा पहारेकरी मी बरोबर मधोमध घेतला होता. तुम्ही त्याला कडेला नेलंत आणि तो पाहतो आहे ती बाजू मोकळी सोडलीत. "तो कुणाची तरी वाट बघतोय. येणाऱ्याला जागा नको का?" हे वाक्य लेकीने वहीत लिहून ठेवलं आहे.

ऊन तिरपं येईपर्यंत तुम्ही थांबलात, सावलीतले चेहरे उजळायला पोरांच्या हाती थर्माकोलचा पांढरा तुकडा दिलात. सणाची सकाळ, तुमचं अभ्यंगस्नान खोळंबलेलं, तरी एकदाही घाई केली नाहीत.

किल्ला आता मोडला. मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवले आहेत. लेक सध्या भातुकलीतल्या बंबासमोर पालथी पडलेली असते.

पोतं धुऊन वाळत घातलं आहे, संध्याकाळी आणून देते. फोटोची प्रतही आणते. मागे तुमची सही हवी, असा पोरांचा हट्ट आहे.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण