रक्तपेढीतल्या ताईंना, फणसाच्या आठळ्यांवर काम करणाऱ्या मुलीकडून

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

प्रबंध विद्यापीठात दाखल झाला. सुरुवातीच्या ऋणनिर्देशात तुमच्याबद्दल एकच वाक्य आहे, 'रक्तपेशी उपलब्ध करून दिल्याबद्दल आणि त्या हाताळायला शिकवल्याबद्दल'. औपचारिक पानावर एवढंच बसतं, हे मला मान्य आहे. पण ते वाक्य वाचून कुणालाही वाटेल की तुम्ही नमुने दिलेत आणि विज्ञान मी केलं. तसं झालेलं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. नाव कुठे छापू नकोस असं तुम्ही बजावलं होतंत, म्हणून इथेही तुम्ही फक्त ताई.

माझा विषय लेक्टिन. साखरेला चिकटणारी ही प्रथिनं बियांमध्ये, कंदांत, शिंपल्यांत, आपल्या यकृतातसुद्धा सापडतात. विकरं साखरेची साखळी तोडतात किंवा जोडतात. लेक्टिन तसं काही करत नाही, ते साखर ओळखतं आणि धरून ठेवतं. बहुतेक लेक्टिनांना अशी धरायची जागा एकापेक्षा जास्त असते. तांबड्या रक्तपेशींवर साखरेच्या साखळ्यांचं दाट आवरण असल्यामुळे असं प्रथिन एका बाजूने एक पेशी आणि दुसऱ्या बाजूने दुसरी पकडतं, आणि पेशींचे पुंजके होतात. १८८८ मध्ये दोर्पातच्या (आजच्या एस्टोनियातल्या तार्तूच्या) विद्यापीठात पीटर हर्मान स्टिलमार्क यांनी एरंडाच्या बियांच्या अर्कात हे पाहिलं. आज आमच्याकडे महागडी उपकरणं आहेत, तरी नव्या बियांच्या अर्कात लेक्टिन आहे का, हे आम्ही अजून रक्तपेशींनाच विचारतो. त्यामुळे ज्याला लेक्टिन शोधायचं आहे, त्याला आधी रक्तपेशी कळायला हव्यात. मला त्या तुमच्यामुळे कळल्या.

तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या हातात नीतिसमितीच्या परवानगीचं पत्र होतं आणि मुदत संपलेल्या पिशव्यांच्या नळीतले सेगमेंट, म्हणजे रक्त भरलेले नळीचे बंद तुकडे, मिळावेत अशी विनंती होती. ते पत्र तुम्ही दोनदा वाचलंत. मग विचारलंत, "पेशी कशात धुणार, किती वेळा धुणार, आणि का धुणार?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कुठल्याही पुस्तकात आहेत. तिसऱ्याचं उत्तर तुम्ही मला पुढचे कितीतरी महिने देत राहिलात.

या 'का'बद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण माझ्या प्रबंधाचा कणा तोच आहे.

गोव्यात पावसाळ्याच्या तोंडावर पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरताना आठळ्या लाल मातीत घोळवून, वाळवून ठेवायची पद्धत आहे. आमच्या सत्तरी तालुक्यातल्या घरी आजी अजून ठेवते. या आठळीत जॅकलिन नावाचं लेक्टिन भरपूर असतं. त्याचे चार एकसारखे घटक, प्रत्येक घटकात १३३ अमिनो आम्लांची एक मोठी आणि २० अमिनो आम्लांची एक लहान साखळी, आणि एकूण वजन सुमारे ६६ किलोडाल्टन. त्याची त्रिमितीय रचना १९९६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन यांच्या गटाने उलगडली. जॅकलिन गॅलॅक्टोज ही साखर ओळखतं, आणि माणसाच्या आयजीए१ या प्रतिपिंडालाही धरतं, कारण त्या प्रतिपिंडाच्या बिजागरीपाशी त्याला हव्या त्या साखळ्या असतात. आयजीए१ शुद्ध करायला प्रयोगशाळांमध्ये जॅकलिनचाच स्तंभ, म्हणजे जॅकलिन बसवलेल्या कणांनी भरलेली नळी, वापरतात.

हे सगळं मला वाचून माहीत होतं. पण तुम्ही पिशवीकडे बोट दाखवून म्हणालात, "आणि हे आयजीए प्लाझ्मात, पेशींभोवतीच्या द्रवात, किती असतं? पेशी नीट धुतल्या नाहीस तर तुझं प्रथिन पेशीपर्यंत पोचेल कसं?" सुक्या वहीतलं ज्ञान एका वाक्यात कामाचं झालं. अर्धवट धुतलेल्या पेशींभोवतीच्या प्लाझ्मातच जॅकलिन अडकून पडेल, पुंजके तपासायच्या प्लेटवर काही दिसणार नाही, आणि मी निष्कर्ष काढीन की या आठळीत लेक्टिन कमी आहे.

मग पिशवीतल्या द्रवाची गोष्ट. सीपीडीए म्हणजे सायट्रेट, फॉस्फेट, डेक्स्ट्रोज आणि अ‍ॅडेनाइन, हे तुम्हाला रोजचं. या मिश्रणामुळे रक्त ३५ दिवस टिकतं, एवढंच मी त्याकडे पाहिलं असतं. तुम्ही त्यातला एकेक घटक माझ्या प्रथिनांसमोर ठेवलात. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज. जी लेक्टिनं ग्लुकोज आणि मॅनोज ओळखतात, त्यांची धरायची जागा पेशी यायच्या आधीच ग्लुकोजने भरून जाईल. या गटातलं सर्वांत प्रसिद्ध लेक्टिन कॉनकॅनाव्हॅलिन ए. जेम्स समनर यांनी ते १९१९ मध्ये जॅकबीनच्या बियांतून स्फटिकरूपात मिळवलं, आणि १९३६ मध्ये समनर आणि हॉवेल यांनी दाखवलं की साखर घातली की त्याने पेशींचे पुंजके होणं थांबतं. आमच्या क्षेत्रातला हा पायाचा प्रयोग आहे. प्रत्येक पिशवीत तो नकळत होऊ शकतो, हे मात्र रक्तपेढीत उभं राहिल्याशिवाय सुचत नाही.

सायट्रेटचं महत्त्व तिसऱ्यांच्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांच्या, कामाच्या वेळी कळलं. वनस्पतींचं काम झाल्यावर मी प्राण्यांकडे वळले. तिसऱ्यांना आपल्यासारखी प्रतिपिंडं नसतात. चिखलात आणि खाऱ्या पाण्यात राहून जंतूंशी लढताना त्यांच्या रक्तद्रवातली लेक्टिनं कामी येतात, जंतूच्या अंगावरची साखर ओळखून त्याला धरतात. आमच्या तिसऱ्यांमधल्या लेक्टिनला कॅल्शियम लागतं. कॅल्शियम काढून घेतलं की ते साखर सोडून देतं, म्हणून स्तंभावर बसलेलं हे प्रथिन ईडीटीए हे कॅल्शियम बांधणारं रसायन घालून खाली उतरवता येतं. हे मी तुम्हाला सांगत होते आणि तुम्ही मधेच थांबवलंत. रक्त गोठू नये म्हणून पिशवीत सायट्रेट घालतात ते कॅल्शियम बांधून टाकण्यासाठीच! त्याचा अंश पेशींसोबत राहिला तर तिसऱ्यांचं लेक्टिन आंधळं होईल. उलट, मी वरून कॅल्शियम घातलं आणि प्लाझ्मा उरलेला असला, तर तो गोठेल, आणि त्या गुठळीलाच मी लेक्टिनचं काम समजेन. एका चुकीने असलेलं दिसणार नाही, दुसरीने नसलेलं दिसेल. तुम्ही सुचवलंत की शेवटचं धुणं कॅल्शियम असलेल्या बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, करावं. फॉस्फेटच्या बफरमध्ये कॅल्शियमचा साका बसतो, म्हणून ट्रिसचा बफर घेतला. त्या दिवसापासून तिसऱ्यांच्या प्लेटा वाचता येऊ लागल्या.

प्लेट वाचणं हीसुद्धा तुमचीच देणगी. खोलगट बुडाच्या प्लेटेत अर्क दर खाचेला निम्मा पातळ करत न्यायचा, दोन टक्के पेशी घालायच्या आणि वाट पाहायची. लेक्टिन नसेल तिथे पेशी घरंगळत मधोमध घट्ट लाल बटन करतात, असेल तिथे बुडावर चादरीसारख्या पसरतात. पुस्तकातली चित्रं या दोन टोकांची असतात. खरी प्लेट मधल्या खाचांमध्ये अडते, आणि अर्काची ताकद तर त्या मधल्या खाचेवरूनच ठरते. तुम्ही प्लेट हलकेच तिरकी धरून दाखवलीत. मोकळ्या पेशींचं बटन ओघळून खाली शेपूट सोडतं, पुंजका जागचा हलत नाही. आणि कुठल्याही खाचेकडे बघण्याआधी, "बाय, आदीं कंट्रोल पळय, मागीर बाकीचें", म्हणजे आधी कंट्रोल बघ, मग बाकीचं. नुसत्या बफरमधल्या पेशी जर नीट बसलेल्या नसतील तर बाकीची प्लेट वाचायचीच नाही, मग त्यात कितीही सुंदर निकाल दिसत असो. तुमच्या टेबलावर चुकीचा वाचलेला गट म्हणजे कुणाचा तरी जीव. ती शिस्त तुम्ही माझ्या आठळ्यांनाही लावलीत, काही कमी न करता.

कुळथाबद्दल लिहिलं नाही तर हे पत्र अपुरं राहील. आमच्याकडे पावसात कुळथाचं कढण होतं, पिठी होते. त्याच कुळथातलं लेक्टिन तुमच्या फ्रिजमध्ये छोट्या कुपीत अँटी-ए१ म्हणून असतं, हे तुम्ही मला दाखवलंत तेव्हा झालेला आनंद अजून ताजा आहे. १९५१ मध्ये जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी 'करंट सायन्स'मध्ये कुळथाच्या अर्काचा हा गुण मांडला. ए१ आणि ए२ हे ए रक्तगटाचे उपप्रकार. या अर्काने ए१ पेशींचे पुंजके होतात, आणि अर्क योग्य पातळ केला तर ए२ पेशी तशाच राहतात. दाट अर्क ए२ पेशींनाही धरतो, म्हणून पातळ करण्याचं प्रमाण ठरवणं हेच कौशल्य. काही ए२ आणि ए२बी लोकांच्या रक्तात ए१ विरुद्धची प्रतिपिंडं असतात आणि त्यांच्या गटाच्या दोन तपासण्या, पेशींची आणि रक्तद्रवाची, एकमेकींशी जुळत नाहीत. तेव्हा कुळथाची ती कुपी बाहेर येते. युरोपातल्या युलेक्स या काटेरी झुडपाच्या बियांतलं लेक्टिन एच प्रतिजन, म्हणजे पेशीवरची एक ओळखखूण, ओळखतं. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलेला बॉम्बे रक्तगट ओळखायला ते मदत करतं, कारण त्या गटाच्या पेशींवर एच प्रतिजनच नसतो. नेहमीच्या तपासणीत असा माणूस ओ गटाचा वाटतो, आणि त्याला ओ गटाचं रक्त दिलं तर घात होतो. बियांमधली प्रथिनं माणसं वाचवतात हे वाक्य मी अनेक निबंधांच्या प्रस्तावनेत वाचलं होतं. तुमच्याकडे ते रोज घडताना पाहिलं.

पुढचं शुद्धीकरण प्रयोगशाळेत झालं. आठळ्यांचं पीठ थंड बफरमध्ये भिजवायचं, मलमलीतून गाळायचं, सेंट्रिफ्यूज करायचं. अमोनियम सल्फेटने प्रथिनं खाली बसवायची आणि डायलिसिसच्या नळीत घालून क्षार काढून टाकायचे. मग स्तंभ. जॅकलिनसाठी आम्ही गवारीच्या बियांचा डिंक रासायनिक बंधांनी पक्का करून वापरला. त्याच्या मॅनोजच्या कण्यावर गॅलॅक्टोजच्या फांद्या असतात, जॅकलिन तिथे बसतं, बाकीची प्रथिनं धुऊन जातात. २८० नॅनोमीटरवरचं प्रकाशाचं शोषण, जे प्रथिन किती आहे ते सांगतं, शून्याशी आलं की गॅलॅक्टोजचं द्रावण सोडायचं, की प्रथिन उतरतं. उतरलेल्या प्रथिनाबरोबर गॅलॅक्टोजही येतं आणि जागा अडवून बसतं, म्हणून पुन्हा डायलिसिस. इथे तुम्ही नव्हतात, पण तुमचा प्रश्न होता. प्रत्येक टप्प्यावर मी स्वतःला विचारत होते, या नळीत माझ्या प्रथिनाशिवाय आणखी काय आहे आणि ते काय लपवतंय? शुद्धीकरणाचा तक्ता भरताना एकूण प्रथिन घटत गेलं आणि दर मिलिग्रॅममागची ताकद वाढत गेली. त्या तक्त्यातला ताकदीचा प्रत्येक आकडा एका प्लेटेवरून आलेला आहे, आणि प्रत्येक प्लेट तुम्ही शिकवल्याप्रमाणे वाचलेली आहे.

ताई, एक गोष्ट मला मनापासून खटकते. शोधनिबंधात तंत्रज्ञांचं ज्ञान 'साहाय्य' या शब्दाखाली जातं. पिशवीत काय आहे आणि ते कुणाला अडवेल, हा विचार साहाय्य नव्हे. तो वैज्ञानिक विचार आहे, आणि या कामात तो तुमचा आहे. म्हणून पद्धतींच्या प्रकरणात रक्तपेशी धुण्याचा भाग मी स्वतंत्र लिहिला आहे. प्लाझ्मा, डेक्स्ट्रोज आणि सायट्रेट, तिन्ही का काढायचे याची कारणं त्यात आहेत, आणि ती कुणाकडून मिळाली हेही. मार्गदर्शकांनी त्याला आनंदाने मान्यता दिली. आता आमच्या प्रयोगशाळेत नव्याने येणारी मुलं तेच पान पाहून काम सुरू करतात.

तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची राहिली होती. आठळ्या खाऊन पोटात हे लेक्टिन जातं का, असं तुम्ही विचारलं होतंत. उकळलेल्या आठळीच्या अर्काची प्लेट मी लावली, सगळ्या खाचांत स्वच्छ बटनं होती. उकळल्यावर प्रथिनाची घडी मोडते आणि साखर धरायची ताकद जाते, तेव्हा आठळ्यांची भाजी खुशाल करा. राजम्याला मात्र सांभाळा. त्यातलं लेक्टिन जास्त त्रासदायक असतं आणि मंद आचेवर टिकून राहतं, म्हणून भिजवून, पाणी टाकून, नंतर निदान दहा मिनिटं खळखळून उकळायलाच हवं.

दुसरा प्रश्न होता, आपल्या बाजारातल्या कुळथाचा अर्क कुपीतल्या अँटी-ए१च्या तोडीचा होतो का. पेडण्याहून आणलेल्या कुळथाचा अर्क तयार करून गोठवून ठेवला आहे. ए१ आणि ए२ पेशी तुमच्याकडेच आहेत. तुम्ही सांगाल त्या दिवशी प्लेट घेऊन येते, किती पातळ करायचा ते तुम्ही ठरवा.

आपली,
ताळगाव पठारावरची विद्यार्थिनी