आधी घडण, मग नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घडीच्या चाकूचा नवा पारंपरिक नमुना तयार होत असतानाच कारागीर भारदस्त नावाच्या मागे लागतात. हा क्रम उलटा आहे. अशा चाकूचे नाव ऐकताच जाणकाराला त्याची घडण डोळ्यांसमोर दिसली पाहिजे, त्यामुळे घडण पक्की होईपर्यंत नावाला हात घालू नये.

'बार्लो' हा घडीच्या चाकूचा जुना नमुना. त्याचे नाव घेतले की बिजागरीच्या टोकाला धातूची लांब टोपी, म्हणजे बोल्स्टर, आलाच. पाते वापरताना सगळा ताण त्या टोकाच्या खिळ्यावर येतो आणि तिथे मुठीचे हाड किंवा लाकूड तडकते, ते या टोपीमुळे टळते. आखूड टोपीचा चाकू 'बार्लो' म्हणून पुढे केला तर माहितगार गिऱ्हाईक तो उघडूनही पाहत नाही. 'ट्रॅपर'मध्ये दोन लांब पाती एकाच टोकाला बसवलेली असतात, 'स्टॉकमन'मध्ये सहसा तीन पाती असतात. आपला नमुना यांपैकी एखाद्यात बसत असेल तर तेच नाव ठेवून पुढे आपल्या कारखान्याचे नाव जोडावे. लाकूड किंवा पोलाद बदलले म्हणून नमुना नवा होत नाही. पात्यांची मांडणी, मुठीची बाह्यरेषा किंवा मिटण्याची रीत बदलली, तरच नव्या नावाला अर्थ आहे. एकाच आकाराला 'सनफिश' आणि 'एलिफंट टोनेल' अशी दोन नावे पडल्याने किती गोंधळ होतो, हे संग्राहकांना विचारावे.

गावाचे नाव घेण्याचा मोह होतो. लाग्योल हे फ्रान्समधले चाकूंसाठी प्रसिद्ध गाव. त्या नावाला दीर्घकाळ पुरेसे कायदेशीर संरक्षण नव्हते, म्हणून कुठेही बनलेले चाकू 'लाग्योल' म्हणून विकले गेले आणि नावावरून चाकूचे मूळ कळेनासे झाले. जपानच्या 'हिगोनोकामी' या घडीच्या चाकूचे नेमके उलटे. ते नाव नोंदणीकृत असल्याने इतरांना तोच आकार दुसऱ्या नावाने विकावा लागतो. म्हणून व्यापारचिन्हांची नोंद आधी तपासावी. चाकू व हातहत्यारे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात वर्ग 8 मध्ये येतात. केवळ लिहिण्यात नव्हे, उच्चारात जवळ असलेली नावेही शोधावीत. 'धारदार'सारखा निव्वळ गुण सांगणारा शब्द बहुतेक ठिकाणी नोंदवून मिळणे अवघड असते.

आकडेही उत्तम नाव ठरतात. ओपिनेल या फ्रेंच चाकू बनवणाऱ्याने 1897 मध्ये 1 ते 12 अशी मापे ठरवली. त्यातल्या 8 नंबरचे पाते 8.5 सेंमीचे असते. 1955 मध्ये पाते अडवणारे फिरते कडे आले, तरी नंबर तेच राहिले, कारण ते मापाला बांधलेले होते. नमुन्याचे नाव एखाद्या लाकडावरून ठेवले, तर ते लाकूड मिळेनासे झाल्यावर नाव खोटे पडते.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. पाठीच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या साध्या चाकूचे पाते फक्त स्प्रिंगच्या दाबाने उघडे राहते. पात्याच्या पाठीवर जोर पडला की ते बोटांवर मिटते. त्याच्या नावात 'कुलूप', 'लॉक', 'अभेद्य' असे काही आले तर वापरणारा विसंबतो आणि बोट कापून घेतो. 'कट्यार', 'खंजीर' हीसुद्धा नकोत. ती भोसकण्याची शस्त्रे आहेत आणि खिशातला चाकू हे कामाचे हत्यार आहे.

नावाची खरी परीक्षा पात्याच्या बुडावर होते. ठशासाठी तिथे जेमतेम 6 ते 8 मिमी जागा मिळते. देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर आले की मूळ अक्षर फारच बारीक करावे लागते. घासताना त्याची पोकळी बुजते आणि नावाच्या जागी काळा ठिपका उरतो. तीन-चार अक्षरी, जोडाक्षर नसलेले नाव सर्वांत सुखाचे. ठसा पोलादाला पाणी देण्याआधीच ठोकावा. कडक झालेल्या पोलादावर तो उमटत नाही, उलट ठशाचीच धार मोडते. उथळ ठसा पॉलिशमध्ये पुसला जातो. खोल ठशाच्या कडेला धातू वर येतो आणि पाते मिटताना आतल्या पट्टीला घासते, म्हणून ती कड सपाट करावीच लागते. खिळ्याच्या भोकाजवळ ठोकू नये, भोकाचा गोलपणा बिघडतो.

निवडलेली दोन-तीन नावे फोनवर अनोळखी माणसांना एकदाच सांगून लिहून घ्यायला सांगावीत. निम्म्यांनी वेगवेगळे लिहिले तर ते नाव सोडावे. उरलेले नाव खऱ्या मापात भंगार पट्टीवर कोरून, घासून, हातभर अंतरावरून वाचून पाहावे. पोलादी ठसा बनवायला टाकायचा तो त्यानंतर.

आपला,
घडीच्या चाकूंचा एक कारागीर