ड्रिल फिरले, पण चक थांबला का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी यंत्रकाम करणाऱ्या हौशी मंडळींवर आलेला लेख मी दोनदा वाचला आणि त्यासोबतचे छायाचित्र भिंग घेऊन पाहिले. छोट्या सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, लेथच्या टूलपोस्टवर (हत्यार धरणाऱ्या भागावर) एका तरुणाने स्वतः बनवलेला मोटारीचा ड्रिल बसवला आहे, चकात, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, पितळेचा गोल धरला आहे आणि त्या गोलाच्या तोंडावर सहा भोके पडत आहेत, असे ते दृश्य. कारागिरी नेटकी आहे, ब्रॅकेटच्या कडा मन लावून मारलेल्या दिसतात, आणि असे काही करावेसे वाटणारी मुले अजून आहेत हे पाहून बरे वाटले. परंतु ड्रिल चालू असताना तो चक कशाच्या आधाराने स्थिर उभा होता, याचा उल्लेख लेखात कोठेही नाही. छायाचित्रातही हेडस्टॉकची, म्हणजे चक ज्यावर बसतो त्या भागाची, मागची बाजू नेमकी कापली गेली आहे. तेवढ्या एका मुद्द्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये (साचे आणि हत्यारे बनवणाऱ्या विभागात) नोकरी करून निवृत्त झालो. सध्या घराच्या मागच्या पडवीत १०० मिमी चकाचा एक लहान लेथ ठेवला असून त्याला स्टेपर मोटारी (ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या) आणि जुना संगणक जोडून तो सीएनसी करून घेतला आहे, आणि मोटारीच्या ड्रिलची जोडणी मी स्वतः दोन वेळा केली आहे. पहिली का मोडली ते पुढे सांगतो.

लेथ ज्यांनी जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, फिरतो आणि हत्यार स्वतःभोवती फिरत नाही. सांखेड्याचा खरादी पाळण्याचा पाया कातताना हेच करतो. जॉबच्या मध्यभागी भोक पाडायचे असेल तर चकासमोर ड्रिल स्थिर धरणारा टेलस्टॉक आहेच. मध्याबाहेर, किंवा दांड्याच्या अंगात आडवे भोक पाडायचे झाले, की सगळा न्याय उलटा होतो: जॉब थांबला पाहिजे आणि हत्यार फिरले पाहिजे. जॉब काढून ड्रिल मशीनवर न्यावा, तर खुणा करा, पंच मारा, पुन्हा बांधा, आणि इतके करून भोके मध्याशी जुळतीलच याचा भरवसा नाही. म्हणून लेथवरच ड्रिल बसवण्याचा मोह मला पूर्ण मान्य आहे. फरक इतकाच, की कारखान्यातल्या टर्निंग सेंटरवर (मोठ्या सीएनसी लेथवर) फिरती हत्यारे आणि स्पिंडलला (चक फिरवणाऱ्या दांड्याला) हव्या त्या कोनात आणून जखडण्याची सोय ही सहसा जोडीने येतात, आणि घरी आपण त्या जोडीतले दिसायला देखणे तेवढे अर्धे आणतो.

हे देखणे अर्धे वाटते त्याहून सोपे आहे. २४ व्होल्टची डीसी मोटार, दात्यांचा पट्टा, दोन पुल्या, ईआर ११ मापाच्या कोलेटचा (ड्रिल आवळून धरणाऱ्या नळीचा) दांडा आणि तो पेलणारी अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी, एवढ्यात काम भागते. या कोलेटमध्ये ७ मिमीपर्यंतचा ड्रिल धरता येतो आणि घरच्या कामाला त्यापुढे जाण्याची गरज क्वचितच पडते. वेगाबद्दल मात्र पुष्कळांचा गैरसमज दिसतो. कापण्याचा वेग मिनिटाला २५ मीटर धरला तर माइल्ड स्टीलमध्ये ३ मिमीच्या हायस्पीड स्टील ड्रिलला मिनिटाला सुमारे २६५० फेरे लागतात, आणि ॲल्युमिनियमसाठी ६० मीटर धरले तरी ६४०० च्या आसपास. सुतारकामाचा ट्रिमर ३०,००० फेऱ्यांनी फिरतो. तोच टूलपोस्टवर बांधला तर ३ मिमी ड्रिलच्या कडेचा वेग मिनिटाला २८० मीटर होतो, आणि लोखंडात ड्रिलचे टोक निळे पडून बसते. लाकूडकामाचे यंत्र लोखंडाला लावू नये, हे सांगायला एखादा जुना फिटर जवळ नसला की ड्रिलची अशी नासाडी होते.

कोलेटचा दांडा मी विकतचा घेतला होता. पहिल्याच दिवशी १ मिमीचा ड्रिल तुटला म्हणून डायल (सूक्ष्म हेलकावा मोजणारे साधन) लावून पाहिले, तर कोलेटमधल्या पिनेचा हेलकावा ०.०८ मिमी भरला. दांडा घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने डायलकडे पाहिलेसुद्धा नाही. “चालशे (चालेल), काका,” म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. ३ मिमीच्या ड्रिलला कदाचित चाललेही असते.

आता मूळ मुद्दा. मोटार बंद असणे म्हणजे स्पिंडल जखडलेला असणे नव्हे. बंद मोटारीचा चक हाताने सहज फिरतो, आणि जो हाताने फिरतो तो ड्रिलनेही फिरतो. ४० मिमी व्यासाच्या जॉबवर चक एक अंशाने सरकला तर परिघावर ०.३५ मिमीची चूक होते. सहा भोकांच्या फ्लँजचे (बोल्टने जोडायच्या चकतीचे) बोल्ट मग एकमेकांना दाद देत नाहीत. यातही आडव्या भोकाची गोष्ट वेगळी आणि तोंडावरच्या भोकाची वेगळी. दांड्याच्या अंगात आडवे भोक पाडताना ड्रिल उंचीला बरोबर असेल तर त्याचा दाब सरळ अक्षातून जातो आणि चकाला फिरवणारे बल फारसे निर्माण होत नाही. तोंडावर भोक पाडताना मात्र ड्रिलचा स्वतःचा पीळ जसाच्या तसा चकावर येतो. भोक मध्यापासून १० मिमीवर असो की ३० मिमीवर, तो पीळ तेवढाच राहतो. शिवाय भोक आरपार होण्याच्या क्षणी ड्रिलची धार उरलेल्या पापुद्र्यात अडकते, तेव्हा हा पीळ एकदम वाढतो. आपल्या छायाचित्रातला पितळेचा गोल याच प्रकारचा आहे, आणि ड्रिल खेचून घेण्याची खोड पितळेला लोखंडापेक्षा जास्त आहे, हे टूलरूममध्ये उमेदवारी करणाऱ्या पोराला पहिल्या आठवड्यात कळते.

यावर माझ्या पडवीत टिकलेला उपाय अगदी जुन्या पद्धतीचा आहे. लेथसोबत आटे पाडण्यासाठी जी बदलायची गिअर चाके मिळतात, त्यांतले ६० दात्यांचे चाक मी स्पिंडलच्या मागच्या टोकाला पक्के बसवले आणि हेडस्टॉकच्या कवचावर एक स्प्रिंगची खिटी अशी लावली, की तिचे कानशीने घासलेले टोक दोन दात्यांच्या खाचेत घट्ट बसावे. ६० दात्यांच्या चाकावर २, ३, ४, ५, ६, १० आणि १२ असे समान भाग पडतात. आठ भोके हवी असतील तर ४० किंवा ८० दात्यांचे चाक लावावे लागते, आणि कोणी हट्टाने सात भोके मागितली तर ३५ दात्यांच्या चाकावर पाच-पाच दाते मोजावे. खिटीचे टोक घासणे हे यातले खरे काम. ते खाचेच्या तळाला टेकता कामा नये. दोन्ही बाजूंच्या दात्यांना टेकले पाहिजे, नाहीतर थोडा प्ले (सैलपणा) राहतोच. कुठे टेकते ते दिसावे म्हणून निळी शाई लावून, बसवून, काढून, पुन्हा घासून मला दोन दुपारी लागल्या. तरीही भोक पाडण्यापूर्वी चक दर वेळी एकाच दिशेने हाताने दाबून घेण्याची सवय मी ठेवली आहे.

काही जण स्पिंडलला पट्ट्याने स्टेपर मोटार जोडून हवा तो कोन मिळवतात. हे अधिक आधुनिक आहे आणि वाईटही नाही, पण पट्टा ताणला जातो, म्हणून वेगळा ब्रेक हवाच. आणि टर्निंग (नेहमीचे कातकाम) करताना तो पट्टा काढून ठेवला नाही तर वेगाने फिरणारा स्पिंडल स्टेपरला उलट फिरवून तिच्यातून वीज तयार करतो व तिला चालवणारे ड्रायव्हर सर्किट जळू शकते.

माझी पहिली जोडणी मोडली ती खिटी बसवण्याच्या आधी, आणि दोष सर्वस्वी माझा होता. संगणकाकडून स्पिंडल चालू करणारा सिग्नल एकच होता आणि तो मुख्य मोटारीला द्यायचा की ड्रिलच्या मोटारीला, हे ठरवणारे साधे टॉगल बटण मी पॅनलवर लावले होते. एका संध्याकाळी ४ मिमीचा ड्रिल जॉबच्या आत असताना तो अडकल्याने मी प्रोग्राम थांबवला, टूलपोस्ट तपासताना हात लागून बटण उलटे झाले असावे, आणि पुन्हा सुरू करताच ड्रिलऐवजी चक ८०० फेऱ्यांनी फिरू लागला. ब्रॅकेट पिळले गेले, ड्रिलचे तुकडे झाले आणि एक तुकडा माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात घुसला. ते कॅलेंडर आमच्या सौभाग्यवतींनी वर्ष संपले तरी उतरवू दिलेले नाही.

त्यानंतर टॉगल बटण गेले आणि दोन कॉन्टॅक्टर (कॉइलला वीज मिळाली की चालणारे स्विच) आले. प्रत्येकाचा, एरवी जोडलेला असणारा आणि तो चालू होताच तुटणारा, संपर्क दुसऱ्याच्या कॉइलच्या वाटेत घातला, म्हणजे दोन्ही मोटारी एका वेळी चालूच होऊ शकत नाहीत. खिटी खाचेत असली की एक लिमिट स्विच मुख्य मोटारीची वाट तोडतो, आणि तशीच दुसरी जोडणी अशी, की खिटी खाचेत नसेल तर ड्रिल चालूच होत नाही. लाल रंगाचे आपत्कालीन बटण दोन्ही मोटारींची वीज एकदम तोडते. हे सारे तारांनी करावे, प्रोग्रामवर सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लिनक्ससीएनसीसारख्या, यंत्र चालवणाऱ्या संगणक प्रणालीत आता एकाहून अधिक स्पिंडल वेगवेगळे चालवता येतात आणि ती सोय मी वापरतोही. पण चक थांबवण्याचा आदेश आपण पाठवला एवढेच संगणकाला माहीत असते, चक खरोखर थांबला की नाही हे तो एन्कोडर (फिरणे मोजणारा सेन्सर) किंवा स्विच लावल्याखेरीज जाणत नाही.

ड्रिलच्या उंचीबद्दल थोडक्यात. कोलेटमध्ये टोकदार पिन धरावी, गोल जॉब आणि पिनेचे टोक यांच्यामध्ये पातळ स्टीलची पट्टी हलकेच दाबावी. पट्टी सरळ उभी राहिली तर उंची बरोबर. तिचे वरचे टोक आपल्याकडे झुकले तर ड्रिल खाली आहे. ६ मिमीच्या दांड्यात ३ मिमीचे भोक ०.३ मिमीने चुकले तर एका बाजूला १.८ आणि दुसऱ्या बाजूला १.२ मिमी धातू उरतो, इतका हा हिशेब नाजूक आहे. गोल अंगावर ड्रिल घसरतो, म्हणून आधी सेंटर ड्रिलने (आखूड, न वाकणाऱ्या ड्रिलने) ठसा घ्यावा.

या निमित्ताने एक विनंती येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठालाही करावीशी वाटते. सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलेल्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेचा वारसा आज विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र विद्याशाखेकडे आहे. तेथील एखाद्या वर्कशॉपचे दार महिन्यातून एका रविवारी घरगुती यंत्रकाम करणाऱ्यांसाठी उघडे राहिले आणि तेथे डायल, सरफेस प्लेट (मोजमापासाठीचा अचूक सपाट पाट) व एक जाणता इन्स्ट्रक्टर मिळाला, तर “चालशे” म्हणून परत पाठवलेले दांडे निदान तपासून तरी पाहता येतील.

आमच्या वाड्यातला अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी मागच्या महिन्यात स्वतःचे असेच यंत्र दाखवायला मला घेऊन गेला होता. ड्रिल सुरेख फिरत होता, आवाजही कमी. मी काही न बोलता चकावर हात ठेवला आणि तो फिरवला. तो फिरला. सध्या तो मुलगा माझ्या पडवीत बसून खिटीचे टोक घासतो आहे आणि आतापर्यंत दोन खिट्या वाया गेल्या आहेत. तिसरी बसली, तर आपल्या छायाचित्रकाराला जरूर पाठवावे. मात्र या वेळी छायाचित्र हेडस्टॉकच्या मागच्या बाजूने घ्यावे, एवढीच विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त टूलरूम कारागीर
दांडिया बाजार, बडोदे