खिशातलं पाकीट

बाळा,

पोचलास का एवढंच विचारायचं होतं, पण फोनवर तू नुसतं हं हं करतोस म्हणून लिहायलेय. तुझी पँट धुवायला घेतली तर खिशात कंबरदुखीच्या गोळ्यांचं पाकीट निघालं. 10 मधल्या 7 फोडलेल्या. पोळ्याला बैल धुताना कंबर धरून बसलास तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. पप्पाला काही बोलले नाही.

डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं ना, ही हिपॅटायटिस बी ची कावीळ नुसती लिव्हरला धरून राहत नाही, विषाणूचे कण आन अंगातली प्रतिकाराची द्रव्यं चिकटून किडनीच्या चाळणीत अडकतात, म्हणून लघवीला फेस येतो, प्रोटीन जातं. आधीची विषाणू दाबायची गोळी, टेनोफोव्हिर, किडनीला जड जाऊ शकते म्हणून तर बदलून दिली. आन तू वरून दुखण्याच्या गोळ्या खायलास! त्यानं किडनीला जाणारं रक्त कमी होतं रे. मेडिकलवाला मागितली की देतो, त्याचं काय जातंय. बरं, लेक्चर नाही देत.

पण आबा आठवतात का तुला, तू चौथीत होतास. पोटात पाणी होऊन धोतराची गाठ बसेना, तरी ओसरीवर बसून तुला 17 चा पाढा विचारायचे. गुडघे दुखायले म्हणून कुणीतरी दिलेल्या गोळ्या 5 दिवस खाल्ल्या. लघवी दिवसातनं दोनदा, मग एकदा, मग बाटलीच्या तळाला चहाच्या रंगाची एवढीशी. लिव्हर पार बिघडलं की किडनीच्या रक्तवाहिन्या आखडतात, किडनी चांगली असून रक्तावाचून उपाशी मरते, हे तेव्हा आम्हाला कोण सांगणार. आम्ही म्हणायचो म्हातारं पाणी पीत नाही.

तुझं तसं नाही. सोनोग्राफीत लिव्हर चांगलं आलंय. मी उगंच घाबरवायलेय, माफ कर. रोजची गोळी मात्र मनानं बंद करू नको, विषाणू पुन्हा उसळतो.

सांगायचं नव्हतं, पण माझा रिपोर्ट पण पॉझिटिव्ह आलाय. म्हणजे बाळंतपणातच तुला माझ्याकडनं आलं असणार. जन्मल्यावर 24 तासाच्या आत लस द्यायची असते हे तेव्हा माहीतच नव्हतं. चिऊचा निगेटिव्ह आहे, पहिला डोस झाला, दुसरा महिन्यानं, तिसरा सहाव्या महिन्यात. आन तू ताट वेगळं काढून जेवलास ना, ते नको करू, जेवणातनं नाही पसरत हे. मी त्या दिवशी चुलीपुढं धुराचं निमित्त करून रडले.

सुपरवायझर झालास म्हणून गल्लीभर सांगत फिरते मी, पण 12-12 तास उभा राहतोस हे नाही सांगत. कंबरेसाठी काय चालतं ते त्याच डॉक्टरांना फोन करून विचार. उरलेल्या 3 गोळ्या माझ्याकडंच आहेत, दिवाळीला आल्यावर मागू नको.

बॅगेत दुसरं पाकीट आहे का? खरं सांग.

आई