बोटीचं नाही, पडावाचं भय

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१५ फेब्रुवारी

प्रिय सुध्या,

तुझा फोन आला तेव्हा मी शिरोलीला मशीन शॉपवर होतो. लेथ चालू होती, त्यामुळे अर्धं ऐकू आलं आणि उरलेल्याला मी नुसतं "होय होय" केलं. त्या होय होयवर तू थेट मुंबई-लक्षद्वीप क्रूझच्या बुकिंगपर्यंत पोचलास. रात्री जेवताना सुनीताला सांगितलं, तर ती म्हणाली, "गगनबावड्याच्या घाटात ज्या माणसाला गाडी लागते तो लक्षद्वीपला बोटीनं जाणार?" तिचं चुकत नाही. आठवीतली मालवणची सहल तुला आठवत असेलच. करूळ घाटात मी खिडकीतून डोकं बाहेर काढून बसलेलो आणि तू मागनं माझा शर्ट धरून ठेवलेलास. त्या उपकाराखातर हे एवढं मोठं पत्र लिहितोय. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

क्रूझला माझी ना नाही, तुझ्या तारखेला आहे. २३ ते २८ मे. तू म्हणालास, त्या आठवड्यात दर निम्मे आहेत. अरे, मंडईत दुपारी मेथी निम्म्या दराला मिळते तेव्हा आपण आधी जुडी उलटी करून बघतो. इथंही बघ की, दर का पडला ते!

मी थोडं उलटंपालटं करून बघितलं. केरळात पाऊस येण्याची नेहमीची तारीख १ जून. पण २०२५ साली तो २४ मेलाच केरळात उतरला आणि २६ तारखेला मुंबईत होता. म्हणजे त्या वर्षी आपण तुझ्या तारखांना निघालो असतो तर येताना पाऊस आपल्याबरोबरच मुंबईला लागला असता. वादळांचंही तसंच. तौक्ते आलं ते २०२१ च्या मेच्या मध्यावर, लक्षद्वीपपासून गुजरातेपर्यंत सगळा किनारा झोडपत गेलं. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला अलिबागेजवळ धडकलं. दरवर्षी असं होतं असं माझं म्हणणं नाही. पण मेचा शेवट म्हणजे अरबी समुद्राच्या अंगात यायचा हंगाम. कोळी लोक १ जूनपासून दोन महिने होड्या वर ओढून ठेवतात, ते काय हौसेनं?

आता तू म्हणणार, दोनशे मीटर लांब जहाज आहे मर्दा, होडी नव्हे. कबूल. मी त्याचाही हिशोब केला, शेवटी मशीनवाला माणूस. खोल पाण्यात दोन लाटांमध्ये जितके सेकंद जातात त्यांचा वर्ग करायचा आणि दीडपटीहून जरा जास्त धरायचं, की लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. सहा सेकंदांची वाऱ्याची लाट पन्नास-साठ मीटरची. अशा तीन-चार लाटांवर जहाज एकदम पडून राहतं, त्याला फारसं कळतही नाही. पण लांबून येणारी चौदा सेकंदांची लाट तीनशे मीटरच्या पुढं जाते, ती अख्ख्या जहाजाला सावकाश उचलते आणि सावकाश ठेवते. आणि ही लाट यायला आपल्याकडं वारा असावा लागत नाही. दक्षिणेकडं, हिंदी महासागराच्या पार दक्षिण टोकाला वादळ झालं की तिथली लाट हजारो किलोमीटर चालत केरळ-लक्षद्वीपला येऊन लागते, वर ऊन लख्ख पडलेलं असताना. मल्याळी लोक त्याला कळ्ळक्कडल म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. एप्रिल-मेमध्ये हे जास्त होतं. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था त्याचा इशारा देते. लाटेची उंची, किती सेकंदांची, कुठनं येणार, सगळं आधी सांगतात. निघायच्या आठवड्यात रोज बघायचं, हे काम माझ्याकडं.

पण खरी गोष्ट मला हिशोबानं नाही, आईनं सांगितली. तिचं माहेर मालवण, तुला माहीतच आहे. लहानपणी ती मुंबईहून आगबोटीनं यायची. मी तुझ्या क्रूझचं सांगितलं तर ती वाटीतले शेंगदाणे सोलायची थांबली आणि म्हणाली, "बोटीचं भय कधी नव्हतं रे. भय पडावाचं." आगबोट किनाऱ्याला लागायचीच नाही, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव, म्हणजे छोटी होडी, येऊन माणसं उतरवून न्यायचा. शिडीवर उभं राहायचं, खाली पडाव लाटेबरोबर वर येतो, पुन्हा पुरुषभर खाली जातो. खलाशी हात वर करून उभा. तो "आता!" म्हणाला की पाय सोडायचा, विचार करायचा नाही. विचार केला की लाट गेली. तिची एक मावशी विचार करत बसली आणि तशीच वेंगुर्ल्याला जाऊन दुसऱ्या दिवशी उलट आली म्हणे. आई अजून हसते त्याला. रामदास बोटीचं नाव निघालं की मात्र हसत नाही. १७ जुलै १९४७, अमावास्येचा दिवस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. भर पावसाळ्यातली गोष्ट. त्या काळच्या कोकणी घरात ती प्रत्येकानं ऐकलेली.

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. लक्षद्वीपला तेच तर आहे! मोठं जहाज बेटाच्या बाहेर, प्रवाळाच्या कडेपलीकडं उभं राहतं आणि आपल्याला छोट्या बोटीनं बेटावर नेतात. म्हणजे पडावच की. समुद्र जरा खवळलेला असला की कॅप्टन उतरणंच रद्द करतो, आणि करायलाच पाहिजे. मग पैसे बेटाचे भरायचे आणि बेट डेकवरून बघायचं. म्हणून तर सांगतो, मोठं जहाज बुडेल ही माझी काळजी नाहीच. वहिनींचे गुडघे आणि माझं पोट त्या शिडीवर काय करतील ही आहे.

तेव्हा माझं ऐक. मार्चचा शेवट किंवा एप्रिलचा पहिला आठवडा धर. दर जास्त पडतील, पडू देत. चोराचा समुद्र एप्रिलातही येऊ शकतो, पण निदान पाऊस आणि वादळ तरी सहसा मागं लागणार नाही. तेवढ्यात जमणारच नसेल तर सरळ दिवाळीनंतरचं बघू. तेव्हाही वादळं होतात, म्हणून अंदाज बघूनच निघायचं.

केबिन घेताना वरची बाल्कनीवाली घेऊ नकोस, फोटोत चांगली दिसते तेवढंच. एसटीत मागच्या बाकावर आपण टपापर्यंत उडायचो आणि मधल्या सीटवर म्हातारी निवांत झोपलेली असायची, तेच गणित. खालचा मजला, जहाजाच्या बरोब्बर मध्ये. जहाजाला पाण्याखाली बाजूला पंखही असतात, ते दोन्ही अंगांना कलणं कमी करतात, पण जहाज चालत असेल तरच नीट. नांगरून उभं राहिलं की त्यांचा फारसा उपयोग नाही. पुढं-मागं जे झुलतं त्याला तर तेही काही करत नाहीत.

बोट लागायची गोळी मी घेणार, अ‍ॅव्होमिन, निघायच्या आदल्या रात्रीच. उलटी सुरू झाल्यावर घेऊन काय उपयोग, पोटात राहिली तर ना. झोप येते तिनं, पण मला तशीही झोपच काढायची आहे. वहिनींचं बीपी आहे, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. आई आलेपाक करून देणार आहे, तो तू सगळा बंदरावरच संपवू नकोस.

अजून एक. सुनीता यायला तयार झालीय, पण तिची अट आहे की उतरायची वेळ आली तर माझ्या आधी तिला उतरवायचं. म्हणते, "तुम्ही विचार करत बसाल."

तुझी बुकिंगची आगाऊ रक्कम परत मिळते का तारीख बदलून मिळते ते उद्याच विचार आणि लिहून कळव. फोन केलास तर मी परत लेथजवळ असेन आणि होय होय म्हणेन.

तुझाच,
विज्या