तिठ्याचा वाद तूच जिंकलास

प्रिय दिग्या,

सात वर्षं पत्र नाही, याची लाज वाटते. तब्येत ठीक, साखर जरा वर, गोळी चालू. पण परवा रात्री जे झालं ते घरात सांगून कुणाला कळणार?

मेसमागच्या कट्ट्यावरचं भांडण आठवतं ना? मी म्हणत होतो, कुठलाही नीडिंग सिक्वेन्स घे, म्हणजे क्रांतिक बिंदूच्या प्रवासाची ०-१ मधली नोंद; त्याचं हबर्ड ट्री, म्हणजे त्या प्रवासातले बिंदू जोडणारं झाड, कुठल्या तरी वर्ग बहुपदीचं असणारच. तू म्हणालास, "झाड मिळेल, पण ते कागदावर बसेलच असं नाही." आठवडाभर अबोला, शेवटी बाळ्याने चहा पाजून मिटवलं. (काकूंनी तेव्हाच विचारलं होतं, "गणितात कणीक कशाला मळता रे?")

परवा १०११०* घेऊन बसलो. तारा म्हणजे क्रांतिक बिंदू, जिथे झाड दुमडतं; आवर्तन ६ चं, म्हणजे सहा पायऱ्यांनी पुन्हा तिथेच. झाड काढलं. त्यात एक तिठा आहे, तीन पायऱ्यांनी जागेवर परत येणारा. त्याच्या तीन फांद्या निळ्या, लाल, हिरव्या पेनने रंगवल्या आणि एकेक पायरी, म्हणजे नियम एकेकदा लावत, पुढे नेल्या. तीन पायऱ्यांनंतर हिरवी हिरवीवरच बसली, पण निळी लालवर गेली आणि लाल निळीवर! दोनदा तपासलं. मग कागद पालथा घालून दिव्यासमोर धरला, तेव्हाच रंग जुळले. आणि बहुपदी कागद पालथा घालत नाही. आपल्या लाडक्या झेड वर्ग अधिक आय या बहुपदीच्या झाडात बघ, मधला तिठा जागचा हलत नाही आणि तिन्ही फांद्या फुगडीसारख्या गोल फिरतात. तिथे सगळं सरळ आहे. इथे एक फांदी स्थिर आणि दोघींची अदलाबदल, हे प्रतलात होऊच शकत नाही. ब्रुइन आणि श्लायशर या गणितज्ञांनी २००८ च्या लेखात अशा बिंदूला 'ईव्हिल' म्हटलंय, आणि हाच क्रम त्यांचं सगळ्यात साधं उदाहरण आहे. म्हणजे उत्तर इतकी वर्षं छापून पडलं होतं आणि मी कधी उघडून पाहिलं नाही.

झोप उडाली ती मात्र वेगळ्याच कारणाने. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधातला तिसरा चॅप्टर "फांद्यांचा चक्रीय क्रम टिकतो" या एका ओळीवर उभा आहे, सगळ्या झाडांसाठी. ती ओळ तिला मी सांगितली, फळ्यावर लिहून. पुढच्या महिन्यात सबमिशन. तिला अजून बोललो नाही. रोज वही घेऊन येते, आणि मी दुसऱ्याच चॅप्टरचं काहीतरी विचारत बसतो.

दोन वाटा दिसतात. क्रम ग्राह्य असण्याची, म्हणजे खऱ्या वर्ग बहुपदीतून आलेला असण्याची अट घालायची, मग चॅप्टर निम्म्यावर येतो. किंवा प्रतलच सोडून गणितज्ञ बाल्डविनच्या २००७ च्या रस्त्याने जायचं, फक्त ०, १ आणि तारा या चिन्हांवर: ० आणि १ वेगवेगळे खुले, पण ताऱ्याला पोटात घेणारा खुला संच एकच, सगळाच्या सगळा. ती जागा हाउसडॉर्फ नाही (ताऱ्याला ० किंवा १ पासून वेगळ्या खुल्या संचात टाकता येत नाही), पण डेंड्राइट, म्हणजे झाडासारखा फांद्यांचा आकार, चिन्हांच्या शब्दांतूनच उभं राहतं, कागद लागत नाही. मला दुसरी वाट आवडते. महिन्याभरात तिला झेपेल का, एवढंच सांग. अशा घाईत तू मला एकदा ओढून नेलं होतंस.

वहिनींची बदली झाली का? पिंकी आता दहावीला ना? गच्चीची गळती थांबली असेल.

सोबत चार पानं आहेत, रंगीत पेनची. तिला सोमवारी सांगणार आहे. त्याआधी वाचून फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

तुझा,
मन्या